टॅक्सी की अँब्युलन्स? कळा सुरू होण्याआधी ठरवा

माझ्या मुलीच्या जन्माचा किस्सा आमच्या घरात दर ईदला एकदा तरी सांगितला जातो. रमजानचा महिना होता. पहाटेचे पावणेतीन वाजले होते. नागपाड्याच्या आमच्या गल्लीत सेहरीची लगबग चालू होती आणि तिसऱ्या मजल्यावर मी पलंगाची कड धरून उभी होते. कळा पाच-पाच मिनिटांनी येत होत्या. नवऱ्याने मोबाइलवर कॅब मागवली. पहिल्या ड्रायव्हरने पत्ता विचारला आणि राइड रद्द केली. दुसऱ्याने न विचारताच रद्द केली. का, ते आजही मला माहीत नाही. मग सासूबाईंनी खिडकीतून खाली हाक मारली. आमच्याच बिल्डिंगमधले एक चाचा काळी-पिवळी चालवतात. ते बॉनेटला टेकून चहा पीत होते. त्यांनी कप तिथेच ठेवला, मागच्या सीटवर जुनी चादर अंथरली आणि म्हणाले, "चल बेटी, बिस्मिल्लाह बोल."

गल्लीच्या तोंडाशी दोन बाइक आडव्या लावलेल्या होत्या. चार पोरांनी त्या उचलून बाजूला ठेवल्या. हॉस्पिटल तीन किलोमीटरवर होतं, बारा मिनिटांत पोहोचलो. सकाळी सव्वासहाला मुलगी झाली. चाचांनी भाडं घेतलं नाही. अकीक्याची दावत चुकवू नका, एवढंच म्हणाले.

किस्सा इथे संपतो आणि सगळे हसतात. मीही हसते. पण गेल्या वर्षीपासून मला तो पूर्वीसारखा सांगता येत नाही. कारण आता आमच्या खानदानात असाच दुसरा एक किस्सा आहे, आणि तो दावतीत कोणी सांगत नाही.

माझी मामेबहीण रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या आमच्या गावी राहते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. हे तिच्या परवानगीने लिहिते आहे. तिचं दुसरं बाळंतपण होतं. संध्याकाळी कळा सुरू झाल्या. मामूंनी गावातली भाड्याची गाडी बोलावली आणि पाऊण तासात तिला जवळच्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे मुलगा झाला, पण रक्तस्राव थांबेना. तिथल्या लोकांनी हातात कागद दिला आणि सांगितलं, "पुढे न्या." भाड्याची गाडी फाटकाशीच उभी होती. ड्रायव्हर ओळखीचा होता. तिला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं मामीच्या मांडीवर. पुढचं मोठं रुग्णालय दोन तासांवर. त्या दोन तासांत गाडीत सलाईन नव्हतं, औषध नव्हतं, नाडी बघणारं कोणी नव्हतं. मामी दुआ पढत होती आणि चादरीची घडी बदलत होती. पोहोचेपर्यंत माझी बहीण शुद्धीवर नव्हती. रक्त चढवलं, ऑपरेशन केलं, गर्भाशय काढावं लागलं. ती वाचली. बाळही सुखरूप आहे.

घरात सगळे म्हणतात, अल्लाहने वाचवलं. खरंच वाचवलं. पण मला एक गोष्ट टोचत राहते. तिच्या घरच्यांनी जो निर्णय घेतला, तोच आम्हीही घेतला होता. हाताशी असलेली, ओळखीच्या माणसाची गाडी. आमचा निर्णय शहाणपणाचा आणि त्यांचा चुकीचा, असं म्हणायला काहीच आधार नाही. आमचं हॉस्पिटल तीन किलोमीटरवर होतं आणि माझं बाळंतपण सरळ झालं, एवढाच फरक.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे रात्री तीन वाजता सर्व्हर बंद पडला तर कोणी काय करायचं याची लेखी यादी असते. पहिला फोन कोणाला, त्याने उचलला नाही तर दुसरा कोणाला, अमुक झालं तर काय आणि तमुक झालं तर काय. ही यादी दिवसाढवळ्या, शांत डोक्याने लिहिलेली असते, कारण रात्री तीन वाजता माणसाचं डोकं चालत नाही हे सगळ्यांना मान्य असतं. कोणाचा तरी शॉपिंग कार्ट बंद पडू नये म्हणून मी अशा कितीतरी याद्या लिहिल्या आहेत. माझ्या स्वतःच्या बाळंतपणासाठी एकही लिहिली नव्हती. बॅग भरली होती, बाळाचे कपडे धुऊन ठेवले होते, नावांवर दोन महिने चर्चा झाली होती. जायचं कशाने, हे कोणी बोललंच नव्हतं.

टॅक्सी ही चूक नाही

पहिली गोष्ट स्पष्ट करते. कळा सुरू झाल्यावर टॅक्सीने किंवा रिक्षाने जाणं म्हणजे अडाणीपणा, असं मी मुळीच म्हणत नाही. बाळंतपण हा आजार नाही. पहिलटकरणीला कळा नियमित होऊन गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरही पुढचा टप्पा बारा तासांपर्यंत चालू शकतो, दुसऱ्या खेपेला साधारण दहा तासांपर्यंत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. म्हणजे बहुतेक वेळा हाताशी वेळ असतो. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य सेवा मोफत आहे, तरीही तिथे साध्या कळा असतील तर घरच्या गाडीने किंवा टॅक्सीने या आणि अँब्युलन्स तातडीसाठी ठेवा, असंच सांगतात. नऊ महिने पूर्ण झालेले, कळा नियमित, रक्तस्राव नाही, बाळ हलतंय, हॉस्पिटल जवळ, सोबत माणूस. अशा वेळी टॅक्सी चांगलीच. अँब्युलन्स त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी दारात हवी असेल.

अमेरिकेत लोक अँब्युलन्स टाळतात त्याचं कारण वेगळं आहे. तिथे बिल येतं, आणि मोठं येतं. रुग्णांना अचानक आलेल्या बिलांपासून वाचवणारा कायदा तिथे २०२२ मध्ये लागू झाला, पण रस्त्यावरची अँब्युलन्स त्यातून वगळली गेली. अॅपवरच्या टॅक्सी एखाद्या शहरात सुरू झाल्यावर अँब्युलन्सचा वापर सुमारे ७ टक्क्यांनी घटला, असं मॉस्कटेल आणि स्लस्की या दोन संशोधकांनी मांडलं आहे.

आपल्याकडे १०८ फुकट आहे. तरी आपणही टाळतो. मग कारण पैसा नाही. कारणं काय, ते प्रामाणिकपणे बघायला हवं.

आपण १०८ का फिरवत नाही

माझ्यापासून सुरुवात करते. १०८ हा नंबर मला पाठ होता. पण तो अपघातासाठी आणि हार्ट अटॅकसाठी असतो, असं डोक्यात बसलं होतं. बाळंतपणासाठी तो फिरवायचा, हे सुचलंही नाही. इंजिनिअरिंगची डिग्री याबाबतीत काही कामाला आली नाही.

पुढे मी बिल्डिंगमधल्या आणि गावाकडच्या बायकांना विचारत गेले. एकीने सांगितलं, अँब्युलन्स दारात आली की अख्खी गल्ली खाली जमते, लाज वाटते. दुसरी म्हणाली, आत पुरुष डॉक्टर असेल तर? तिसरीला भीती होती की तिची फाइल एका हॉस्पिटलात आणि गाडी नेणार भलत्याच ठिकाणी. चौथी म्हणाली, येईपर्यंत आपण पोहोचून जाऊ. आणि एका वयस्क खालांनी जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. त्या म्हणाल्या, "अगं, सायरन वाजला की आमच्या काळजात धस्स होतं. अँब्युलन्स म्हणजे मय्यत."

खालांचं चुकलं नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जमातीची एक अँब्युलन्स उभी असते. वर्गणीतून घेतलेली, स्वच्छ, दिव्याची. ती कब्रस्तानात जाते आणि हॉस्पिटलातून मय्यत घरी आणते. कोविडमध्ये ती रात्रंदिवस धावली, आणि ती चालवणाऱ्या पोरांचं ऋण फिटणारं नाही. पण त्या गाडीत गरोदर बाई बसल्याचं मी कधी पाहिलं नाही, कोणाकडून ऐकलंही नाही. माणसाच्या शेवटच्या प्रवासाची आपल्या मोहल्ल्यात चोख व्यवस्था आहे. गाडी आहे, ड्रायव्हर आहे, फोन नंबर मस्जिदीच्या बोर्डावर आहे. पहिल्या प्रवासाची काय व्यवस्था आहे, असं विचारलं तर उत्तर येतं, चाचा आहेत ना खाली.

चाचा गावी गेले असते तर?

पाच मिनिटं कुठे जातात

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंवर एक लेख लिहिला. आई दगावते तेव्हा उशीर तीन ठिकाणी होतो, असं त्यांनी मांडलं. पहिला उशीर घरात, जायचं की नाही हे ठरवण्यात. दुसरा रस्त्यावर, पोहोचण्यात. तिसरा दवाखान्यात, उपचार मिळण्यात. आज तीस वर्षांनंतरही सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी हेच तीन उशीर शिकतात.

महाराष्ट्रात आता जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं. घरी की दवाखान्यात, हा वाद संपल्यात जमा आहे. त्याचं फळही दिसतं. २०१८-२० मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. केरळात १९. पण आता जे मृत्यू उरले आहेत, त्यांत वेळ फार महत्त्वाची आहे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो. माझ्या बहिणीचा रस्ता नेमका तेवढाच होता.

म्हणून टॅक्सी आणि अँब्युलन्स यांतला फरक वेगाचा नाही. आपल्या ट्रॅफिकमध्ये सायरनवाली गाडीही अडकतेच. फरक आहे तो वाटेत कोणी काही करू शकतं की नाही, याचा. महाराष्ट्रात १०८ ची सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटरसारखी प्रगत उपकरणं, बाकी ७०४ मध्ये प्राथमिक सोय. प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा, ही या सेवेची मूळ रचना. ऑक्सिजन, सलाईन, रक्तदाब मोजण्याची सोय, आणि पुढच्या रुग्णालयाला आधी कळवणारं कोणी. टॅक्सीत यातलं काहीच नसतं, ड्रायव्हर कितीही भला असो.

हेही मान्य करायला हवं की २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. तिला ९३७ ने भागलं तर एका गाडीमागे जवळपास १ लाख २० हजार माणसं येतात. म्हणजे "येईपर्यंत पोहोचून जाऊ" म्हणणारी बाई काही वेडी नाही. तिचा अनुभव खरा आहे. पण त्याचं उत्तर १०८ विसरून जाणं नव्हे. एका हाताने १०८ ला फोन करायचा, दुसऱ्या हाताने गाडी तयार ठेवायची, आणि किती वेळ लागेल हे ऐकून मग ठरवायचं.

केव्हा टॅक्सीचा विचारही करू नये

डॉक्टर मी नाही. पण माझ्या आणि बहिणीच्या डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजलं ते असं.

पुढीलपैकी काहीही असेल तर आधी १०८: पाळीसारखा किंवा त्याहून जास्त रक्तस्राव. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी, झटके. पाणी गेलं आणि ते हिरवट किंवा तपकिरी आहे. नाळ बाहेर दिसते किंवा हाताला लागते. बाळाचं हलणं कमी झालंय किंवा थांबलंय. सदतिसावा आठवडा पुरा होण्याआधीच कळा. आधीचं सिझेरियन आहे आणि पोटात सतत दुखतंय. बाळ आडवं किंवा पायाळू आहे, जुळी आहेत. आणि बाळ बाहेर येतंय, जोर लावावासा वाटतोय, तर.

अशा वेळी गाडी येईपर्यंत बाईला डाव्या कुशीवर झोपवा. नाळ बाहेर आली असेल तर मात्र तिला गुडघे आणि छाती टेकवून, कंबर उंच ठेवून राहायला सांगा आणि नाळेला हात लावू नका. झटके येत असतील तर तोंडात काही घालू नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथे जोखीम जास्त असलेल्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लावण्याची पद्धत आहे. घरात कोणाच्या कार्डावर लाल स्टिकर असेल तर गाडीचा प्रश्न सातव्या महिन्यातच सोडवा.

आणि टॅक्सीतच बाळ आलं तर? गाडी बाजूला थांबवा, १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा. बाळाला ओढू नका, आपोआप येऊ द्या. कोरड्या कपड्याने पुसा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा, दोघांना एकत्र पांघरूण घाला. नाळ कापू नका. वेळ लिहून ठेवा. एवढं प्रत्येक टॅक्सीवाल्याला आणि प्रत्येक नवऱ्याला माहीत असलं तरी पुष्कळ.

पडद्याविषयी एक वाक्य. जिवावर बेतलं असताना पुरुष डॉक्टर नको म्हणून थांबायला दीन सांगत नाही, हे मोहल्ल्यातला कुठलाही आलिम सांगेल. त्याच्याकडून हे एकदा जुम्म्याच्या बयानात वदवून घेतलं तर आमच्यासारख्यांच्या दहा लेखांपेक्षा जास्त काम होईल.

"पुढे न्या" म्हटलं की थांबा

माझ्या बहिणीच्या बाबतीत सगळ्यांत मोठी चूक घरातून निघताना झाली नाही. ती झाली पहिल्या रुग्णालयाच्या फाटकात. आणि तिथे बोलण्याचा हक्क आपल्याला होता.

१ जून २०११ पासून देशात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि सिझेरियन मोफत, औषधं, तपासण्या आणि रक्त मोफत, आणि वाहन मोफत. हे वाहन तीन टप्प्यांचं आहे. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात पाठवलं तर तिथवर, आणि बाळाला घेऊन परत घरी. महाराष्ट्रात यासाठी १०२ च्या गाड्या आहेत. मधला टप्पा सगळ्यांत जोखमीचा, कारण तोपर्यंत काहीतरी बिघडलेलं असतं म्हणूनच पुढे पाठवतात. घरून निघालेली बाई बहुधा ठणठणीत असते, पुढे पाठवलेली कधीच नसते.

हे मामूंना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. रुग्णालयाने सांगितलं नाही, आणि आपण विचारलं नाही. कोणी "पुढे न्या" म्हटलं तर विचारायचे प्रश्न चारच आहेत. अँब्युलन्स कोणती देताय? सोबत कोण येणार? पुढच्या रुग्णालयाला फोन केलात का, तिथे रक्त आणि डॉक्टर आहेत का? आणि कागदावर तिची आताची अवस्था, दिलेली औषधं आणि वेळ लिहिली आहे का? हे चार प्रश्न आवाज न चढवता पण ठामपणे विचारायचे. उत्तर मिळेपर्यंत आपली भाड्याची गाडी सुरू करायची नाही. हे भीक मागणं नव्हे. आपल्याच करातून चालणाऱ्या व्यवस्थेकडे हिशेब मागणं आहे.

मोहल्ल्याची यादी

आता आपल्या वाट्याचं काम. सरकारला प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहेच, पण त्या रात्री गल्लीच्या तोंडाशी आडव्या लावलेल्या दोन बाइक सरकारने लावल्या नव्हत्या. अँब्युलन्सला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपये दंड आहे. त्या कायद्याची भीती हायवेवर वाटत असेल. आपल्या गल्लीत मात्र फुटपाथवर दुकान, रस्त्यावर हातगाडी आणि उरलेल्या जागेत आपलीच बाइक, हे आपण गृहीत धरलं आहे. टॅक्सी निघाली कारण ती लहान होती. अँब्युलन्स आली असती तर चार पोरं पुरली नसती.

घराघरांत करायचं काम सोपं आहे. आठवा महिना संपायच्या आत एक कागद लिहून फ्रिजवर लावा. हॉस्पिटलच्या प्रसूती विभागाचा थेट नंबर. १०८ आणि १०२. दोन ड्रायव्हरांचे नंबर, एक नव्हे, आणि दोघांना आधी विचारलेलं. बाईचा रक्तगट. फाइल कुठे ठेवली आहे. सोबत कोण जाणार. नवरा घरी नसेल तर निर्णय कोण घेणार. तातडी आली तर दुसरं जवळचं हॉस्पिटल कोणतं. आणि हा कागद त्या बाईला विचारून लिहा. पहिला उशीर बहुतेक घरांत याच कारणाने होतो की जिला कळा येतात तिच्या सांगण्याला वजन नसतं. "थोडा दम धर, पहिल्या वेळी असंच वाटतं" हे वाक्य आपल्या किती घरांत ऐकू येतं, ते आठवून बघा.

मोहल्ल्यात करायचं काम तुम्हा तरुणांचं. ते एका रविवारी सुरू होऊ शकतं. रात्री हाकेला येतील अशा टॅक्सी आणि रिक्षावाल्यांची यादी करा आणि ती मस्जिदीच्या बोर्डावर, दवाखान्यात आणि मेडिकलच्या काउंटरवर लावा. त्यांना एकत्र बसवून एखाद्या डॉक्टर किंवा नर्सकडून दोन तासांचं शिक्षण द्या. गल्लीचं तोंड रात्री मोकळं राहील, हा नियम बिल्डिंगांच्या कमिट्यांकडून करून घ्या. आशा ताई किंवा पालिकेच्या आरोग्य सेविका यांच्याकडे वस्तीतल्या गरोदर बायकांची नोंद असते. त्यांच्याशी बोला, कोणाला काय मदत लागेल ते विचारा. आणि माहिती अधिकार कायद्याखाली एक अर्ज करा. आपल्या भागासाठी १०८ ची गाडी कुठे उभी असते, गेल्या वर्षी बाळंतपणाचे किती कॉल आले, पोहोचायला सरासरी किती वेळ लागला. तीस दिवसांत उत्तर द्यायला हवं. ते आकडे हातात आले की नगरसेवकाशी बोलणं सोपं जातं.

जमातीच्या बुजुर्गांना माझी अदबीने एक विनंती आहे. मय्यतीची गाडी आहे तशीच राहू द्या. तिच्या शेजारी दुसरी गाडी उभी करा, किंवा तेवढे पैसे नसतील तर पहिल्या गाडीच्या बोर्डावर एक ओळ वाढवा, की ही गाडी गरोदर बहिणींसाठीही आहे, रात्री केव्हाही. आत एक स्वच्छ चादर, एक ऑक्सिजन सिलिंडर आणि चार दुपटी ठेवा. दोन-चार बाळं त्या गाडीतून घरी आली, की सायरन वाजल्यावर खालांच्या काळजात धस्स होणार नाही.

परवा आमच्या चाचांना मी हे सगळं सांगितलं. माझ्या बहिणीचंही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, "बेटी, उस रात तेरे को कुछ हो जाता रास्ते में, तो मैं क्या करता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा त्यांनी मोबाइल पुढे केला आणि १०८ सेव्ह करून द्यायला सांगितलं. तीनच आकडे आहेत, सेव्ह कशाला करायचे, असं मी म्हणणार होते. पण मी केले, आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे यादीत सगळ्यांत वर ठेवले.